टोपणनाव आणि हातची विद्या

शाळेच्या वार्षिकांकात विद्यार्थ्यांस उपदेश करण्याची चाल जुनी आहे, आणि तो उपदेश न वाचता पाने उलटण्याची चालही तितकीच जुनी आहे. हे ठाऊक असूनही प्रस्तुत लेखकाने लेखणी हाती घेतली, याचे कारण वरवर पाहता अगदी लहान आहे. शाळेच्या बालवीर पथकाचे काम पाहत असता असे दिसून येते की, सातवी-आठवीपर्यंत मोठ्या हौसेने स्कार्फ बांधून येणारी मुले नववीच्या वर्गात पाऊल टाकताच तोच स्कार्फ दप्तराच्या तळाशी दडवून आणू लागतात. शाळेच्या फाटकाबाहेर पडण्यापूर्वी तो काढतात, आणि पुढे हळूहळू पथकात येणेच सोडतात. कारण विचारले असता प्रथम अभ्यासाचे नाव पुढे करतात. जरा विश्वासात घेऊन विचारले म्हणजे खरे कारण बाहेर पडते : “सर, मुले नावे ठेवतात.” कोणास ‘पुस्तकी किडा’, कोणास ‘दोरीवाला’, ज्यास तारे ओळखता येतात त्यास ‘ज्योतिषी’, आणि ज्यास नकाशा वाचता येतो त्यास ‘पंतोजी’ अशी ही नावे आहेत.

नावे ठेवणे हा मुलांचा स्वभाव आहे. तो आजचा नव्हे, आणि त्यावर नियम करून तो जाणारही नाही. म्हणून नावे ठेवणाऱ्यांस येथे दोष द्यावयाचा नाही. प्रश्न आहे तो ज्यास नाव मिळाले त्याने काय करावे हा. माझे उत्तर असे आहे की, त्याने ते नाव स्वीकारावे, हसत स्वीकारावे, आणि ज्या विद्येमुळे ते मिळाले ती विद्या अधिक कसून करावी. कारण हातची विद्या ही लपवून ठेवता येण्याजोगी वस्तू नाही. पाठ केलेली कविता मनातल्या मनात घोळवता येते, परंतु दोरीची गाठ, पट्टी बांधणे, चूल पेटविणे, नकाशावरून वाट काढणे ही कामे चार लोकांदेखत वारंवार करावी लागतात, तेव्हाच ती बोटांत मुरतात. जो लाजेने ती करावयाचे सोडतो, त्याच्या बोटांतून ती वर्षा-दोन वर्षांत निघून जातात. आणि ज्या दिवशी कोणाच्या जिवावर प्रसंग येतो, त्या दिवशी “मला हे एकदा येत होते” एवढेच म्हणणे त्याच्या हाती उरते. धन्याने दिलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला आपण बायबलच्या तासास ऐकतो. त्या चाकराने ते द्रव्य उधळले नव्हते. केवळ भीतीपोटी पुरून ठेवले होते, आणि तेवढ्यासाठीच तो दोषी ठरला.

उपहासाने मिळालेले नाव भूषण कसे होते, याची उदाहरणे शोधावयास आपणांस लांब जावयास नको. आपली मंडळी ज्या नावाने ओळखली जाते, ते ‘ख्रिस्ती’ हे नाव शिष्यांस प्रथम अंत्युखियात मिळाले, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात नमूद आहे. ते त्यांनी स्वतः घेतले नसून बाहेरच्या लोकांनी दिले, असे बहुतेक विद्वानांचे मत आहे. पुढे इ. स. १६५० मध्ये जॉर्ज फॉक्स यास इंग्लंडातील एका न्यायाधीशापुढे उभे केले असता, ईश्वराच्या वचनापुढे थरथर कापा असे त्याने म्हटले, म्हणून त्या न्यायाधीशाने त्यास व त्याच्या अनुयायांस ‘क्वेकर’ म्हणजे ‘कापरे’ असे हिणवले. नाव चिकटले ते चिकटलेच. त्यानंतर इ. स. १७२९ च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे चार्ल्स व जॉन वेस्ली या बंधूंभोवती जमलेले तरुण ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या वेळी अध्ययन व ठरल्या वेळी तुरुंगातील कैद्यांची भेट, असा नेमस्त क्रम पाळीत. त्यांच्या सोबत्यांस हे हास्यास्पद वाटले व त्यांनी त्यांचे नाव ‘मेथडिस्ट’, म्हणजे पद्धतवाले, असे ठेविले. आज त्याच नावाची देवळे व शाळा जगभर आहेत. हसणाऱ्यांची नावे कोणी जपून ठेविली नाहीत.

आता आपल्याच देशातील, आणि ‘पंतोजी’ या नावाशी थेट नाते असलेले उदाहरण घेऊ. कुमाऊंच्या डोंगरात मिलम या गावचा नैनसिंह रावत हा एक शाळामास्तर होता. शाळामास्तर म्हणून त्यास ‘पंडित’ म्हणत, आणि भारतीय सर्वेक्षण खात्याच्या गुप्त कागदांतही त्याचे तेच नाव झाले. त्या काळी तिबेटात परकीयांस प्रवेश नव्हता, व ल्हासा हे नगर नकाशावर नेमके कोठे दाखवावे हे ठरले नव्हते. डेहराडून येथे नैनसिंहास एक विद्या शिकविण्यात आली. ती म्हणजे चढावर, उतारावर व सपाटीवर सारख्याच लांबीचे पाऊल टाकणे, आणि टाकलेले प्रत्येक पाऊल मोजणे. त्याच्या हाती जपमाळ होती. परंतु तीत १०८ मण्यांऐवजी १०० मणी होते. शंभर पावले झाली की एक मणी सरकवावयाचा; माळेचा एक फेरा झाला की दहा हजार पावले झाली. त्याच्या प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या जागी टिपणांचे कागद होते. तारे वेधण्यासाठी पाऱ्याचा आरसा लागे, तो पारा कवड्यांत लपविलेला होता. पाणी किती उष्णतेवर उकळते हे पाहून तो जागेची उंची काढी.

अशा रीतीने १८६५ साली निघून नैनसिंह १८६६ च्या जानेवारीत ल्हासा येथे पोहोचला, आणि बाराशे मैलांच्या आसपास वाट त्याने पावलांनी मोजून आणिली. एवढ्या वाटेची पावले वीस लाखांहून अधिक होतात. वाटेत जे यात्रेकरू व व्यापारी त्यास भेटले असतील, त्यांच्या दृष्टीने तो माळ ओढीत तोंडाने पुटपुटणारा एक साधा माणूस होता. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यास सुवर्णपदक दिले, व २००४ साली भारत सरकारने त्याच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढिले. या पुरुषाजवळ होते काय? पाऊल मोजणे, तारा ओळखणे, पाणी उकळून पाहणे. आपल्या पथकातील मुलास ज्यामुळे आज हसतात, त्याच जातीची ही विद्या होय.

हे उदाहरण मुद्दाम निवडले, कारण याचा व बालवीर चळवळीचा धागा एक आहे. सर्वेक्षण खात्याच्या या पंडितांच्या कामगिरीची पार्श्वभूमी घेऊन रुडयार्ड किपलिंग याने १९०१ साली ‘किम’ ही कादंबरी लिहिली. आणि तीतील स्मरणशक्तीचा खेळ बेडन-पॉवेल यांनी १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या बालवीरांच्या पुस्तकात घेतला. ताटात वस्तू मांडून क्षणभर दाखवावयाच्या व मग झाकून त्या आठवावयास लावावयाचे, असा जो ‘किमचा खेळ’ आपण शुक्रवारी खेळतो, तो असा हिमालयातून इंग्लंडात जाऊन पुन्हा आपणांकडे आला आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १९०७ च्या ऑगस्टात, बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी नावाच्या लहानशा बेटावर वीस-बावीस मुलांची पहिली छावणी भरविली. तीत श्रीमंतांच्या निवासी शाळांतील मुले व गरीब कामकऱ्यांची मुले एकत्र होती. आपल्या देशात १९०९ साली बंगळूर येथे पहिले पथक निघाले खरे, परंतु ते युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांकरिता होते. हिंदी मुलांस त्यात जागा नव्हती. तेव्हा १९१३ साली श्रीराम वाजपेयी यांनी शाहजहानपूर येथे, १९१७ साली डॉ. अॅनी बेझंट यांनी मद्रास येथे, आणि १९१८ साली पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबाद येथे हिंदी मुलांकरिता स्वतंत्र संस्था उभ्या केल्या. बेझंटबाईंची मुले साहेबी टोपीऐवजी फेटा बांधीत. पुढे ७ नोव्हेंबर १९५० रोजी एकीकरण होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली. नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस, जे पुढे सर्वोच्च न्यायालयावर गेले, ते तिचे मुख्य राष्ट्रीय आयुक्त होते. ज्या स्कार्फाकरिता आपल्या आधीच्या पिढ्यांस भांडावे लागले, तो आपल्या मुलांनी दप्तरात लपवावा, हे विचार करण्यासारखे आहे.

असो. इतिहास पुरे झाला. आता त्या जुन्या विद्यांत खरोखर काही अर्थ आहे, की केवळ जुन्याची हौस आहे, ते पाहू.

प्रथम गाठी घ्या. सुरगाठ व निरगाठ हा भेद आपल्या आजीस ठाऊक होता. आज पुष्कळ पदवीधरांस तो ठाऊक नाही. पथकात प्रथम शिकवितात ती रीफ गाठ. उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर, एवढाच तिचा मंत्र. दुसऱ्या वेळी चुकून पुन्हा उजवेच वर घेतले तर जी गाठ होते तीस इंग्रजीत आजीबाईची गाठ म्हणतात, व ती ताण पडताच सरकते किंवा घट्ट अडकून बसते. रीफ गाठ सपाट बसते, म्हणून जखमेवरील पट्टीस ती योग्य. रोग्यास टोचत नाही व सोडविताना हिसका बसत नाही. परंतु हीच गाठ दोन दोरखंड जोडून त्यावर माणसाचा भार टाकण्यास वापरली तर ती दगा देते. तेथे शीट बेंड पाहिजे. या शीट बेंडची रचना पाहावयाची असेल तर एखाद्या कोष्ट्याच्या मागावर जावे. तुटलेला धागा जोडताना तो जी गाठ मारितो तिची घडण हीच आहे. आणि पुरात अथवा विहिरीत पडलेल्या मनुष्यास वर ओढावयाचे असेल तर त्याच्या छातीभोवती बोलाईन पाहिजे, कारण तिचा फास ओढ बसली तरी आवळत नाही. तेथे घाईने सुरगाठ मारणारा मनुष्य उपकार करावयास जाऊन गळफास लावील. कोणती गाठ कोठे मारू नये, हे ज्ञान गाठ मारता येण्याहूनही मोलाचे आहे. अमेरिकेतील क्लिफर्ड अॅश्ली नावाच्या चित्रकाराने अकरा वर्षे खपून केवळ गाठींवर एक ग्रंथ लिहिला, व १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात ३,८०० हून अधिक आकृत्यांस क्रमांक दिले आहेत. त्यासही शेजाऱ्यांनी काहीतरी नाव ठेविलेच असेल. परंतु आज जगात कोठेही गाठीविषयी वाद पडला तर त्याच्याच ग्रंथाचा क्रमांक सांगतात.

दुसरी विद्या दिशेची. उन्हाळ्याच्या संध्याकाळी उत्तरेस सप्तर्षी दिसतात. त्यांतील पुलह व क्रतु या दोन ताऱ्यांतून रेषा काढून ती त्यांच्यामधील अंतराच्या सुमारे पाचपट पुढे न्यावी म्हणजे ध्रुव सापडतो. हिवाळ्याच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असले तर शर्मिष्ठा पाहावी. यापुढची गोष्ट मुलांस फार आवडते, ती अशी की, ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, जवळजवळ तितकेच आपल्या गावाचे अक्षांश असतात. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते. अहिल्यानगर, मुंबई, छत्रपती संभाजीनगर ही सर्व शहरे १९ ते २० अंशांच्या आसपास असल्याने तेथे ध्रुव दोन मुठींच्या किंचित खाली दिसतो. भूगोलाच्या पुस्तकात ‘अक्षांश’ हा शब्द तीन वर्षे वाचूनही ज्या मुलास तो कळला नाही, त्यास तो मैदानावर उभे राहून दोन मुठींत कळतो. जुनी विद्या पुस्तकाची वैरीण नाही याचे हे एक प्रमाण होय.

येथे कोणी म्हणेल, “गुरुजी, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. तो दिशा दाखवितो, वाट सांगतो, निरोप पोहोचवितो. मग ही दोरी आणि हे तारे कशास?” हा आक्षेप योग्य आहे व त्यास उत्तर दिले पाहिजे. मोबाईल हे उत्तम साधन आहे, व छावणीवर जाताना मी स्वतः तो बरोबर घेतो. परंतु त्याचे सामर्थ्य त्याच्या आत नाही. ते विजेच्या तारेत, मनोऱ्यात व दूरच्या यंत्रांत आहे. आणि संकट येते ते बहुधा या सर्वांवर एकदमच येते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा शहराच्या पुष्कळ भागांत वीज गेली व दूरध्वनी आणि मोबाईल बंद पडले. ज्या नगरात साधनांची सर्वांत मोठी रेलचेल, तेथेच त्या रात्री माणसे एकमेकांचा हात धरून व दोर बांधून पाण्यातून वाट काढीत होती. अमेरिकेच्या नौदलाचे जे विद्यालय अॅनापोलिस येथे आहे, तेथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस ताऱ्यांवरून जहाज हाकण्याचे शिक्षण बंद केले होते, कारण उपग्रह सर्व काही सांगू लागले होते. २०१५ साली ते शिक्षण पुन्हा सुरू करण्यात आले, कारण यंत्रांवर शत्रूने घाला घातला तर काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. जगातील अत्यंत बलाढ्य नौदलास जर तारे पाहणे कमीपणाचे वाटत नाही, तर नववीच्या मुलास का वाटावे?

संदेशविद्येचेही तसेच. आपल्या देशातील तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, आणि मोर्सची टिंब-रेघांची लिपी आता संग्रहालयात ठेवावी असे पुष्कळांस वाटते. परंतु १९६६ च्या मे महिन्यातील एक प्रसंग ऐका. जेरमाया डेंटन हा अमेरिकन वैमानिक उत्तर व्हिएतनाममध्ये कैदेत होता. त्यास दूरचित्रवाणीवर मुलाखत देण्यास बसविले. तो तोंडाने बोलत होता ते वेगळेच, आणि दिव्यांच्या झोताने डोळे दिपल्याचे मिष करून तो पापण्यांची जी उघडझाप करीत होता तिचा अर्थ वेगळाच होता. मोर्सच्या लिपीत तो ‘छळ’ या अर्थाचा इंग्रजी शब्द एकेक अक्षराने सांगत होता. कैद्यांचा छळ होत आहे याची खात्री त्या देशास अशी पटली. त्याच्याजवळ यंत्र नव्हते, कागद नव्हता, हात मोकळे नव्हते. विद्या तेवढी होती, आणि ती त्याच्यापासून कोणास काढून घेता आली नाही.

तथापि जुने ते सर्व सोने असे मानणे हाही भोळेपणाच आहे, व बालवीराने तो टाळला पाहिजे. जुन्या पुस्तकांत सर्पदंशावर उपाय म्हणून दंशाची जागा कापावी, विष चोखावे, वर घट्ट आवळून बांधावे असे सांगितलेले असे. आज वैद्यकशास्त्र निक्षून सांगते की, यांतले काहीही करू नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप होत. यांपैकी कोणाचाही दंश झाला तर रोग्यास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू न देता आधार देऊन ठेवावा, अंगठी-कडे काढून घ्यावे, आणि प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात त्वरित न्यावे. बुडालेल्या मनुष्यास पालथे निजवून पाठ दाबण्याची शेफर यांची रीत पूर्वी प्रत्येक पथकात शिकवीत. १९६० पासून छातीच्या मध्यावर दाब देण्याची रीत पुढे आली, व आज मिनिटास १०० ते १२० या गतीने छाती दाबण्यास व श्वास देण्यास शिकवितात. घड्याळाचा काटा सूर्याकडे धरून दक्षिण काढण्याची युक्ती विलायती पुस्तकांत असते. ती आपल्याकडे उन्हाळ्यात फसते, कारण साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेसच असतो. तात्पर्य, जुनी विद्या म्हणजे जुनी चूक नव्हे. जी विद्या आजच्या ज्ञानाच्या कसोटीस उतरते व आपल्या मातीत चालते, तीच धरावी; बाकीची सोडून देण्यास कचरू नये. खरा ‘पुस्तकी किडा’ तोच, जो नव्या आवृत्तीत काय बदलले हे आधी उघडून पाहतो.

आता दोन शब्द पालकवर्गास. आपण म्हणता की, मुलाचे गुण महत्त्वाचे, आणि छावण्यांत वेळ जातो. गुणांचे महत्त्व एका शिक्षकास सांगावयास नको. परंतु प्रवेशापासून प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान चढून राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कार यांपर्यंत जाणारा हा क्रम पाहिला, तर त्यात मुलास नेमून दिलेले काम मुदतीत व कोणी पाठीस न लागता पुरे करण्याची सवय लागते. आणि तीच सवय अभ्यासाचा पाया आहे. शिवाय विद्वत्ता व हातकाम यांत वैर आहे ही समजूत आपण मुलांच्या मनात भरवू नये. प्रेषित पौल हा गमलियेलासारख्या गुरूच्या चरणांपाशी शिकलेला शास्त्री होता, तरी करिंथ येथे तो तंबू करून पोट भरीत असे. गलबत फुटून तो मिलिता बेटावर किनाऱ्यास लागला, तेव्हा पाऊस व थंडी होती. आणि त्या प्रसंगी उपदेश करीत न बसता तो काटक्या गोळा करून विस्तवात घालू लागला, असे पवित्र शास्त्र सांगते. त्या रात्री भिजलेल्या लोकांस शास्त्र्याहून शेकोटीची अधिक गरज होती, हे त्या शास्त्र्यास कळत होते. आपला मुलगा अथवा मुलगी परीक्षेत वर येऊनही घरात पाहुण्याचे बोट कापले असता गांगरून उभी राहत असेल, तर त्या शिक्षणात काही उणे राहिले असे आपणांस वाटत नाही काय? म्हणून मुलाने गॅलरीत दोर बांधला अथवा रात्री गच्चीवर तारे पाहत बसला, तर “हे कसले खूळ” असे म्हणू नका. वर्गातील मुलांनी ठेविलेले नाव मूल सहन करू शकते. घरातील वडील माणसांनी ठेविलेले नाव सहन करणे त्यास फार जड जाते.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांसही एक इशारा. टोपणनाव स्वीकारावे म्हणजे ते मिरवावे असे नाही. ज्यास चार गोष्टी अधिक येतात त्याच्या मनात, ज्यांस येत नाहीत त्यांच्याविषयी तुच्छता फार लवकर उगवते. आणि मग हसणारा व ज्याला हसतात तो, दोघे एकाच मापाचे होतात. यावर उपाय एकच : जे येते ते दुसऱ्यास शिकवावे. ज्याने तुम्हांस ‘दोरीवाला’ म्हटले, त्याचीच सायकल घाटात बंद पडली व सामान बांधावयास दोरी आखूड पडली, तर त्यास शीट बेंड शिकवा, आणि त्या नावाची आठवण त्यास देऊ नका. पथकात नव्याने आलेल्या सहावीच्या मुलाच्या पाठीमागे उभे राहून त्याचे हात आपल्या हातांत धरून गाठ शिकवा. समोरून शिकविली तर उजवे-डावे उलटते. विद्यार्थिनींनीही हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे बालवीरांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली न बोलावता तेथे आल्या व आम्हीही स्काऊट आहोत असे म्हणाल्या. त्यांस ते नाव कोणी दिले नव्हते. त्यांनी ते घेतले, आणि पुढल्याच वर्षी गाईड चळवळ निघाली.

डावा हात पुढे करून हस्तांदोलन करणे, तीन बोटांनी वंदन करणे, ‘तयार’ हे ब्रीद म्हणणे, हे सर्व बाहेरच्या मनुष्यास चमत्कारिक वाटेल, आणि वाटो. ‘तयार’ या शब्दाचा अर्थ एवढाच की, प्रसंग कोणता येईल हे आपणांस ठाऊक नाही, पण तो दुसऱ्या कोणावर आला तर आपले हात रिकामे नसावेत. येत्या जूनमध्ये नवीन वर्ग भरतील. नववीत जाणाऱ्या प्रत्येक बालवीराने व गाईडने स्कार्फ घरूनच बांधून यावे, बाजारपेठेतून यावे, आणि कोणी नाव ठेविले तर मान हलवून पुढे चालावे. ईश्वराने ज्यास जी बुद्धी व जे हात दिले, त्यांचा उपयोग शेजाऱ्याकरिता करण्याचे सामर्थ्य तो तुम्हां सर्वांस देवो.